दोन ग्रॅमचं जालना

वीकेंडला लोक लोणावळ्याला जातात, अलिबागला जातात. मी आजोळी गेले. पर्समध्ये एक सुई घेऊन.

जालना म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? खरं सांगा. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही. ज्यांच्या येतं, त्यांना स्टील आठवतं. तुमच्या फ्लॅटच्या स्लॅबमधली सळई कदाचित जालन्याचीच असेल. भंगार वितळवायच्या भट्ट्या, रोलिंग मिल, एमआयडीसीतून चोवीस तास निघणारे ट्रक. इथला हिशेब टनात चालतो.

म्हणून मी जेव्हा टीममध्ये जाहीर केलं, की मी शुक्रवारी रात्री जालन्याला चाललेय, तेव्हा एकानं विचारलंच, ‘‘तिकडे बघायला काय आहे?’’

‘‘बघायला नाही, ऐकायला चाललेय.’’

जोक नव्हता. पर्समध्ये एक नवं कोरं हिरवं कार्ट्रिज होतं, ऑडिओ-टेक्निकाचं. सोबत बारीक स्क्रूड्रायव्हर, चिमटा, खिशात मावेल एवढा डिजिटल काटा आणि मेकअप किटमधला छोटा आरसा. टर्नटेबलच्या हाताच्या टोकाला जी चौकोनी डबी असते, जिच्या पोटाला सुई असते, ते कार्ट्रिज. ते आबांच्या टर्नटेबलला बसवायचं होतं.

हा नाद मला पुण्यात लागला. लॉकडाऊनमध्ये मी एक साधं टर्नटेबल घेतलं. मित्रांनी यथेच्छ टिंगल केली. पण मी एकटी नव्हते. अमेरिकेत २०२२ साली रेकॉर्डची विक्री नगांच्या हिशेबात सीडीच्या पुढे गेली, १९८७ नंतर पहिल्यांदा. पुण्या-मुंबईतही जुन्या रेकॉर्ड शोधत फिरणारी माझ्या वयाची पोरं आता दिसतात. कार्ट्रिज कसं बसवायचं, वजन कसं तोलायचं, हे सगळं मी चुका करत शिकले. आणि मग एके दिवशी फोनवर मामी सहज बोलून गेली, ‘‘आबांनी रेकॉर्डी लावणंच सोडलंय गं. म्हणतात, माझे कान गेले.’’

कुंडलिकेच्या पल्याड

रात्रीची बस सकाळी छत्रपती संभाजीनगरला पोचते. आबांच्या तोंडी ते अजून औरंगाबादच. तिथून जालना साठेक किलोमीटर. गाव जवळ आलं की हवेत लोखंडाचा वास सुरू होतो, चिमण्या दिसायला लागतात. त्यांच्याच शेजारी बियाणं कंपन्यांच्या पाट्या. ‘महिको’ १९६४ मध्ये याच गावात सुरू झाली आणि पुढे जालना म्हणजे बियाण्याचं गाव असं समीकरण झालं. ‘जालना, सोने का पालना’ असं इथले जुने लोक अजून ऐटीत सांगतात.

स्टँडवरून रिक्षा केली. ‘‘किधर जाना ताई?’’ इथे मराठीतून सुरू झालेलं वाक्य दख्खनी हिंदीत संपतं आणि कुणालाच त्यात काही वाटत नाही. दीडशे-दोनशे वर्षं निजामाचं राज्य होतं, त्याची ही शिल्लक. कुंडलिका नदीनं गावाचे दोन भाग केलेत. इकडे नवीन जालना, पूल ओलांडला की जुना जालना. नवीन म्हणजेही काही कालचं नाही बरं का! बाजारपेठ, सराफा, गर्दी नव्यात. रेल्वे स्टेशन, गांधी चमन आणि माझं आजोळ जुन्यात.

आबा ओट्यावर बसलेले. वय ८४. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाले, ‘‘इतक्या लांबून सुई घेऊन आली व्हय? इथं काय सुया मिळत नाहीत?’’

बैठकीत कोपऱ्यात टर्नटेबल होतं. आजीनं विणलेला रुमाल त्यावर तसाच. मोठा मामा मस्कतला नोकरीला होता, त्यानं १९८४ मध्ये आणलेलं जपानी मशीन, टेक्निक्सचं. शेजारच्या कपाटात रेकॉर्डी, सगळ्या उभ्या. आडव्या रचल्या तर वाकतात, हे आबांना कुणी न सांगता ठाऊक होतं. भीमसेनजींचे अभंग, वसंतरावांची नाट्यगीतं, आणि हो, ‘शोले’च्या डायलॉगची रेकॉर्डसुद्धा. आमच्या लहानपणी सुट्टीत तीच सगळ्यात जास्त वाजायची.

‘‘आबा, नक्की काय होतं?’’

‘‘पहिलं गाणं बरं लागतं. दुसरं बरं. शेवटचं आलं की फाटतं. टाळ वाजले की कुणी पत्रा ओढू राहिला असं वाटतं.’’ मग हळूच, ‘‘तुझ्या आजीला दुसऱ्या बाजूचा शेवटचाच अभंग आवडायचा. रोज संध्याकाळी. ती गेल्यावर लावला तर असा. म्हटलं, आता कानच गेले आपले.’’

टेबलाच्या खणात श्रवणयंत्र पडलं होतं. डबीतून दोनदाच बाहेर निघालेलं. मामीनं सांगितलं, ते लावूनही शेवटचं गाणं फाटतच होतं. तेव्हापासून मशीनवर रुमाल.

मी रुमाल काढला आणि खाली वाकून पाहिलं. पंधरा वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका मेकॅनिकनं कार्ट्रिज बदललं होतं. त्यानं ते हेडशेलमध्ये पार मागे सरकवून, जरा तिरकं, स्क्रू आवळून टाकलं होतं. सुईवर धुळीचा काळा गोळा.

मिलीमीटरचा फंडा

फंडा तसा सोपा आहे. कारखान्यात मूळ तबकडीवर खाच कोरणारी सुई कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत जाते. आपल्या टर्नटेबलचा हात मात्र एका टोकाला खिळलेला, त्यामुळे सुई कमानीत फिरते. म्हणजे खाच एका दिशेनं कोरलेली आणि सुई जरा वाकड्या कोनातून वाचतेय. हा वाकडेपणा पूर्ण जात नाही, पण कमीत कमी ठेवता येतो. त्याचं गणित स्वीडनच्या लोफग्रेननं १९३८ मध्ये आणि मग बेअरवाल्डनं १९४१ मध्ये मांडलं. सुई योग्य जागी बसवली, की पूर्ण वाटेत दोन ठिकाणी कोन अगदी बरोबर जुळतो. एलपीसाठी बेअरवाल्डच्या हिशेबानं ही ठिकाणं मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलीमीटरवर येतात. बाकी ठिकाणी चूक राहते, पण कानाला खुपत नाही इतकी.

मग शेवटचंच गाणं का फाटतं? रेकॉर्ड एका मिनिटात सव्वातेहेतीस नाही, ३३⅓ फेरे घेते, आत असो की बाहेर. पण बाहेरचा फेरा मोठा आणि आतला लहान. कडेला सुईखालून सेकंदाला ५१ सेंटीमीटर खाच सरकते, आत लेबलाजवळ जेमतेम २१. म्हणजे तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. मुंबई लोकलचा डबा समजा. कडेला उभं राहायला जागा आहे, आत श्वास घ्यायला नाही. तिथे सुई जराशी जरी तिरकी असली, की ‘स’, ‘श’ आणि टाळांसारखे बारीक, तीक्ष्ण आवाज चिरडतात. आबांच्या कार्ट्रिजचा दोष नेमका तिथे बोलत होता.

हे मी आबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘म्हणजे कान नाही?’’

‘‘बघू या,’’ म्हटलं. उगाच आशा कशाला लावा?

चार मिलीमीटरचा घोटाळा

कोन जुळवायला एक कागद लागतो. त्यावर मध्यभागाचं भोक, ती दोन ठिकाणं आणि त्यांच्याभोवती जाळी छापलेली असते. माझ्याकडे पीडीएफ होती. स्टेशन रोडवरच्या एका झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली, भोक पाडलं, कागद टर्नटेबलच्या मधल्या खुंटीवर बसवला आणि भिंग लावून बसले. जुने स्क्रू सोडवले. मागच्या चार पिनांवरच्या हेअरपिनसारख्या नाजूक तारा चिमट्यानं काढल्या. लाल आणि हिरवी उजव्या कानाची, पांढरी आणि निळी डाव्याची. नवं कार्ट्रिज अडकवलं, सुई बिंदूवर टेकवली, डबीची बाजू जाळीच्या रेघांना समांतर केली. पहिल्या बिंदूवर जुळलं की दुसऱ्यावर बिघडायचं. पुढे सरकवा, फिरवा, पुन्हा टेकवा. दीड तास. मान मोडली.

दीड तासानं दोन्ही जुळले. मी जिंकल्यासारखी उठले आणि सहज कागदाच्या खालची रेघ पट्टीनं मोजली. १०० मिलीमीटरची रेघ ९६ भरली!

प्रिंटरनं कागदावर मावावं म्हणून सगळं चार टक्के लहान करून छापलं होतं. म्हणजे मी दीड तास अतिशय काटेकोरपणे चुकत होते. पुन्हा गेले, ‘‘दादा, साइज शंभर टक्के ठेवा,’’ म्हटलं, तिथेच उभं राहून पट्टीनं मोजलं. दुसरी प्रिंट बरोबर आली आणि काम अर्ध्या तासात झालं. मेकअपचा आरसा सुईखाली ठेवून समोरून पाहिलं. डबी आणि तिचं प्रतिबिंब एका सरळ रेषेत, कुठेही कललेलं नाही. मामीनं मोसंबीचा रस आणून ठेवला. जालन्याच्या मोसंबीला जीआय मिळालेलं आहे, उगाच नाही.

सराफ्यातली डबी

आता वजन. सुई रेकॉर्डवर किती भारानं टेकावी याचा नेम असतो. या कार्ट्रिजला २ ग्रॅम, फार तर १.८ ते २.२. जास्त झालं तर खाच झिजते. कमी झालं तर लोकांना वाटतं रेकॉर्ड वाचते, पण उलट होतं. सुई खाचेत आदळत, उडत चालते आणि भिंती खरवडते.

आधी हात तराजूच्या दांडीसारखा हवेत तरंगेल असा मागचं वजन फिरवून घेतला. मग आकड्यावर २ लावले. खात्री करायला खिशातला काटा सुईखाली धरला तर २.६! पुन्हा केलं, २.४. सुई काट्याजवळ नेली की शेवटच्या क्षणी टक्कन खाली ओढली जायची. माझ्या पोटात गोळा आला. काटा बिघडला होता की मी?

शनिवारची संध्याकाळ. हेडशेल काढून डबीत ठेवलं, काटा घेतला, पूल ओलांडून सराफ्यात गेले. एका पेढीवर चढले आणि म्हटलं, ‘‘काका, माझा काटा बरोबर आहे का तेवढं बघता?’’

त्यांनी २ ग्रॅमचं वजन ठेवलं. २.००. ‘‘काटा चोख आहे. तोलायचं काय आहे?’’

मी हेडशेल दाखवलं. त्यांना वाटलं एखादा दागिना असेल. चिमट्यानं उचलायला गेले, तर चिमट्याचं टोक हलकेच कार्ट्रिजकडे ओढलं गेलं. काका हसले. ‘‘ताई, यात लोहचुंबक आहे. तुमच्या काट्याचं ताट स्टीलचं. ते त्याला ओढू राहिलं.’’

डोक्यात लख्ख प्रकाश. अशा कार्ट्रिजमध्ये सुईच्या मागे इवलंसं चुंबक असतं. ते हलतं आणि त्यातूनच वीज होऊन गाणं निघतं. हे मला पाठ होतं. पण काट्याचं ताट कशाचं आहे, हे बघायचं सुचलं नव्हतं. स्टीलच्या गावात येऊन मला स्टीलनंच फसवलं!

काकांनी अंगठीची प्लॅस्टिकची रिकामी डबी दिली. ‘‘ही ताटात ठेवा, काटा झिरो करा, मग तिच्यावर तोला. आम्ही रोज असंच करतो.’’ डबीचे पैसे घेतले नाहीत. ‘‘गाणं लागलं की आबांना सांगा, पेढीवर या म्हणावं.’’ आबांना ते ओळखत होते, हे मला तेव्हा कळलं.

परत येताना पुलावर थांबले. मनात आलं, आपण उगाच म्हणतो हे गाव टनाचं. इथे बियाणं दाण्यानं निवडतात, सोनं मिलिग्रॅमनं तोलतात. ग्रॅमचा हिशेब या गावाला माझ्यापेक्षा जास्त कळतो. फक्त वीकेंडला येऊन परत जाणाऱ्यांना तो दिसत नाही.

घरी येऊन टर्नटेबलची फिरती थाळी उतरवली, तिच्या जागी काटा आणि वर डबी ठेवली, म्हणजे सुई रेकॉर्ड असते साधारण त्याच उंचीवर तोलली जाते. मागचं वजन केसभर फिरवलं. २.०१. बास.

शेवटचं गाणं

आधी मुद्दाम नाट्यगीतांची रेकॉर्ड काढली, फारशी न वाजलेली. सरळ शेवटच्या गाण्यावर सुई टेकवली. आबा आरामखुर्चीत, डोळे मिटून.

स्वच्छ. ‘स’ म्हणजे ‘स’. तबला वेगळा, पेटी वेगळी. गाणं लेबलापर्यंत गेलं आणि कुठेही पत्रा ओढल्याचा आवाज आला नाही. आबांनी डोळे उघडले नाहीत. फक्त म्हणाले, ‘‘आता ते लाव.’’

अभंगांची रेकॉर्ड, दुसरी बाजू, शेवटचा अभंग. मी सुई टेकवली आणि श्वास रोखून धरला.

पूर्वीपेक्षा खूपच बरं होतं. भीमसेनजींचा आवाज मोकळा आला. पण टाळ जिथे एकदम चढतात, तिथे तो खरखरीत फाटका आवाज होताच. थोडा, पण होता. मी घाईघाईनं म्हटलं, ‘‘आबा, सुई बरोबर आहे. पण इथली खाचच झिजलीय. वर्षानुवर्षं तिरक्या सुईनं, रोज...’’ पुढे बोलवेना. ही खाच काही कार्ट्रिज नीट लावून भरून येणारी नव्हती.

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘म्हणजे कान नाही गेले. रेकॉर्ड झिजली.’’

‘‘हो.’’

‘‘झिजणारच. रोज लावायची ती.’’ आणि मग, ‘‘पुन्हा लाव.’’

त्या रात्री तो अभंग चारदा वाजला. स्वयंपाकघरातून मामी ‘‘जेवायला चला’’ म्हणून तीनदा ओरडली, ते मात्र आबांना ऐकू आलं नाही. म्हणजे कान अगदीच ठणठणीत आहेत असंही नाही! श्रवणयंत्राची डबी मी खणातून काढून टर्नटेबलशेजारी ठेवली. सकाळी ते आबांच्या कानात होतं.

एक काम उरलं होतं. आबांचा हात थरथरतो. सुई हातानं टेकवताना घसरेल, या भीतीनंही ते मशीनजवळ जात नव्हते. हाताच्या बाजूला उचलायची एक कळ असते. ती खाली केली की सुई आपोआप, अगदी सावकाश उतरते. चाळीस वर्षांत ती कुणी वापरलीच नव्हती, कारण रेकॉर्ड लावायचं काम आजीचं. रविवारी सकाळी आबांनी स्वतः कळ दाबली. सुई तरंगत खाली आली.

निघताना मी समजावत होते, ‘‘सुई साधारण ३०० तास चालते. रोज एक बाजू, वीस मिनिटं धरली तर अडीच वर्षं. मग बदलायची.’’

आबांनी मनातल्या मनात हिशेब केला. ‘‘म्हणजे आता अडीच वर्षांनी येशील?’’

बस सुटल्यावरही ते वाक्य खाचेत अडकलेल्या सुईसारखं फिरत राहिलं.

आता मी दर दोन महिन्यांनी जाते. सुई चेक करायला चाललेय, असं ऑफिसात सांगते.

घरी टर्नटेबल असेल तर

- सुई दर वेळी मऊ ब्रशनं मागून पुढे झाडा. आडवी किंवा उलटी कधीच नाही.
- कोन जुळवायच्या कागदाची प्रिंट आली की आधी पट्टीनं मोजा. मग बाकीचं.
- क्रम लक्षात ठेवा : कार्ट्रिज अडकवा, वजन लावा, कोन जुळवा, वजन पुन्हा तपासा. शेवटी अँटिस्केटिंगचा आकडा वजनाइतकाच ठेवून सुरुवात करा.
- आजोबांच्या ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्या असतील, तर त्यांना वेगळी, जाड सुई लागते. त्या स्पिरिटनं पुसू नका, लाख विरघळते.

जालन्यात असाल तर

- संध्याकाळी मोती तलाव. सकाळी जुन्या जालन्यात गांधी चमनजवळ नुसतं भटका.
- साधारण पंचवीस किलोमीटरवर राजूरचा गणपती.
- घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये इथला.
- जिल्ह्याच्या उत्तरेला असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली यांची लढाई इथे झाली.
- परतताना मोसंबी घ्या. डझनावर नाही, किलोवर. आणि वजन बघून!